दोन खंडांतील वर्गांची भेट: व्हिडिओ संवाद घडवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

दूरच्या खंडातील एखाद्या शाळेशी आपल्या वर्गाची पडद्यावर गाठ घालून द्यावी, असे अनेक शिक्षकांच्या मनात असते. पण सुरुवात कोठून करावी हे न उमगल्याने ते काम मागे पडत राहते. काही जण एखादी भेट घडवून आणतातही. दोन्हीकडची मुले हात हलवतात, गाणे म्हणतात, आवडता खेळ कोणता असे विचारतात, आणि अर्ध्या तासाने संपर्क तुटल्यावर पुढे काहीच घडत नाही. याला यंत्रसामग्रीची उणीव क्वचितच कारणीभूत असते. बहुतेक वेळा दोन्ही शिक्षकांची आधी नीट ओळख झालेली नसते, आणि समोरच्या वर्गाच्या मदतीवाचून पुरे होणार नाही असे कोणतेही काम मुलांपुढे ठेवलेले नसते. या दोन गोष्टी साधल्या, तर साधा लॅपटॉप आणि बेताचे इंटरनेट यांवरही उत्तम संवाद घडू शकतो. पहिल्यांदाच हे करणाऱ्या शिक्षकाने तयारीसाठी साधारण दोन महिने हाताशी ठेवावेत.

जोडीदार शिक्षक शोधणे

पहिली पायरी म्हणजे शाळा शोधणे असे वाटते, पण खरे तर शोधायचा असतो तो शिक्षक. शाळेच्या कार्यालयाला पाठवलेली पत्रे बहुधा अनुत्तरित राहतात, तर स्वतःहून असा उपक्रम करू इच्छिणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. अशा शिक्षकांना एकत्र आणणारी काही जुनी व्यासपीठे आहेत. आयअर्न हे जाळे १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को येथील शाळांना जोडणाऱ्या प्रकल्पातून उभे राहिले आणि पुढे अनेक देशांत पसरले. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सुरू केलेला ई-ट्विनिंग हा उपक्रम मुख्यतः युरोपातील आणि त्याच्या शेजारच्या देशांतील शाळांसाठी आहे. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये स्काइपवरील वर्गभेटींचा उल्लेख वारंवार आढळतो. मात्र मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये स्काइप बंद केल्यामुळे तो मार्ग आता उपलब्ध नाही. आपल्या शाळेतून परदेशी गेलेले माजी विद्यार्थी, विषयशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि शहरांमधील मैत्री-करार हेही चांगले दुवे ठरतात.

पहिले पत्र लहान असावे, पण मोघम नसावे. मुलांचे वय, पटसंख्या, शिकण्याची भाषा, शाळेची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, हाती असलेली साधने आणि मनात असलेले एखादे काम, एवढे त्यात आले पाहिजे. ‘संस्कृतीची देवाणघेवाण करू या’ अशा वाक्याला समोरच्याला नेमके उत्तर देता येत नाही. ‘मार्चमध्ये आमचा सातवीचा वर्ग दुपारच्या सावल्या मोजणार आहे, तुमचाही मोजेल का?’ या वाक्याला देता येते.

होकार आल्यानंतर मुलांना काहीही सांगण्यापूर्वी दोन्ही शिक्षकांनी किमान एकदा, शक्य असल्यास त्याच वर्गखोल्यांमधून आणि त्याच यंत्रांवरून, एकमेकांशी बोलावे. ही पायरी कोणीही वगळू नये. वर्गात शिस्तीची कल्पना काय आहे, मुले उभी राहून बोलतात की बसून, छायाचित्रे घेतलेली चालतात का, कोणते विषय नाजूक आहेत, प्रार्थनेची किंवा जेवणाची वेळ कोणती, हे सारे याच बोलण्यात कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे काही बिघडले तर मोकळेपणाने सांगता येईल इतका विश्वास दोघांमध्ये निर्माण होतो.

वेळ जुळवणे

नवख्यांच्या भेटी सर्वाधिक फसतात त्या घड्याळामुळे. पत्रव्यवहारात वेळ नेहमी दोन्ही ठिकाणच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे आणि तिसऱ्यांदा जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहावी. सोबत वार आणि तारीखही लिहावी, कारण पॅसिफिक महासागराच्या दोन काठांवर एकाच क्षणी अनेकदा वेगवेगळे वार असतात. सर्व देशांचा फरक पूर्ण तासांचाच असतो असेही धरून चालू नये. भारत जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, तर नेपाळ पावणेसहा तास.

खरा घोटाळा होतो तो उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे काही देश उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करतात त्यामुळे. लंडन आणि सिडनी यांचे उदाहरण घ्या. जानेवारीत सिडनी लंडनच्या अकरा तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनचे घड्याळ एक तास पुढे जाते आणि फरक दहा तासांचा होतो. पुढच्याच रविवारी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सिडनीचे घड्याळ एक तास मागे येते आणि फरक नऊ तासांवर येतो. आठवडाभरात दोन तासांची तफावत पडल्यावर मार्चमध्ये ठरवलेली एप्रिलची भेट चुकणे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी बदलते, त्यामुळे त्या महिन्यात दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांचा होतो. जपान, भारत आणि आफ्रिकेतील बहुतेक देश घड्याळ बदलत नाहीत. तेथील शिक्षकाला समोरचा बदल जाणवतही नाही, म्हणून त्यानेच तो अधिक जागरूकपणे तपासला पाहिजे.

आता दोन्ही शाळांचे तास एकाखाली एक मांडून ते कोठे एकमेकांवर येतात ते पाहावे. नैरोबीत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा टोकियोत दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे ही जोडी शाळेच्या वेळेतच भेटू शकते. उलट टोकियो आणि ब्युनोस आयरिस यांच्यात बारा तासांचे अंतर आहे. तेथे एका बाजूच्या मुलांना रात्री बोलावण्यावाचून गत्यंतर नसते. एखाद्या वेळी पालकांच्या सहकार्याने तेही करता येते, पण दर वेळी एकाच बाजूने जागायचे असे होऊ देऊ नये. जेथे वेळ अजिबात जुळत नाही, तेथे दोन-तीन मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती पाठवून आठवड्याने उत्तर मिळवावे. हा दुय्यम पर्याय आहे असे मी मानत नाही. लाजाळू मुले, आणि परक्या भाषेत विचार करायला वेळ लागणारी मुले, याच पद्धतीत अधिक खुलतात.

शाळेच्या वर्षाचाही विचार करावा. जपानमध्ये शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सुट्ट्या आणि परीक्षा वगळल्यावर दोघांनाही मोकळे असे आठवडे फार थोडे उरतात. ते आधीच राखून ठेवावेत.

परवानगी आणि मुलांची सुरक्षितता

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील तेरावे कलम मुलांना देशांच्या सीमा ओलांडून माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा हक्क देते, तर सोळावे कलम त्यांच्या खासगीपणाचे रक्षण करते. आपल्या कामाला हे दोन्ही हक्क एकाच वेळी सांभाळायचे आहेत. कायद्यांच्या वयोमर्यादा मात्र देशागणिक वेगळ्या आहेत. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन सेवांनी गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत ही मर्यादा सोळा वर्षे असून सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. दोन देशांपैकी ज्याचा नियम अधिक कडक, तो दोन्ही वर्गांनी पाळावा. म्हणजे वाद उद्भवत नाही.

पालकांच्या संमतीपत्रात समोरची शाळा कोणती, भेटीचा हेतू काय, कोणते सॉफ्टवेअर वापरले जाणार आणि चित्रण होणार की नाही, हे स्पष्ट लिहावे. ‘मुलाने सहभागी व्हावे’ आणि ‘मुलाचे चित्रण करावे’ या दोन वेगळ्या संमती आहेत, त्यांच्यासाठी दोन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात. ज्यांचे पालक दिसण्याला नकार देतील, त्या मुलांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरचे पण खरेखुरे काम द्यावे, जसे नकाशा सांभाळणे किंवा नोंदी घेणे. मुलांनी केवळ पहिले नाव वापरावे; घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि समाजमाध्यमावरील खाती सांगू नयेत. वर्गाच्या भिंतीवर पूर्ण नावांचा हजेरीतक्ता लावलेला असतो, आणि तो कॅमेऱ्यात स्पष्ट वाचता येतो. भेटीपूर्वी तो उतरवून ठेवावा. बैठकीची लिंक सार्वजनिक ठिकाणी टाकू नये, परवानगीशिवाय कोणालाही आत येता येणार नाही अशी रचना करावी, आणि दोन्ही बाजूंना एक प्रौढ व्यक्ती सतत हजर असावी.

काम निवडणे

सारा उपक्रम या निवडीवर उभा राहतो, म्हणून येथे घाई करू नये. चांगल्या कामाची एकच कसोटी मी लावतो: समोरचा वर्ग नसता तर हे काम आपल्याला करता आले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर दुसरे काम शोधावे. राष्ट्रीय पोशाख, सण आणि नृत्य यांचे सादरीकरण या कसोटीवर टिकत नाही. ती माहिती पुस्तकातही मिळते, आणि मुले एकमेकांकडे प्रदर्शनातील वस्तूंसारखी पाहू लागतात.

पहिल्या ओळखीसाठी ‘ओळखा आम्ही कोठे आहोत’ हा खेळ सोपा आणि हुकमी आहे. दोन्ही वर्गांना एकमेकांचा देश सांगितलेला नसतो, आणि केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल अशा प्रश्नांतून तो शोधायचा असतो. ‘तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?’ हा प्रश्न निम्मे जग वगळतो, तर ‘तुम्ही पेरूमध्ये आहात का?’ हा फक्त एक देश. पाच-सात प्रश्नांनंतर हा फरक मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येतो. बैठकीच्या नावात किंवा खात्याच्या नावात शाळेचे गाव येणार नाही एवढे मात्र पाहावे, नाहीतर खेळ सुरू होण्याआधीच संपतो.

याहून अधिक टिकाऊ काम म्हणजे चंद्राचे निरीक्षण. एक वर्ग उत्तर गोलार्धात आणि दुसरा दक्षिण गोलार्धात, दोन्ही विषुववृत्तापासून बरेच दूर, अशी जोडी मिळाल्यास शुक्ल पक्षातील एकाच संध्याकाळी प्रत्येक मुलाने दिसेल तसा चंद्र काढावा आणि भेटीच्या दिवशी ती चित्रे कॅमेऱ्यासमोर धरावीत. उत्तरेकडच्या चित्रांत चंद्राची उजवी बाजू उजळलेली असते, दक्षिणेकडच्या चित्रांत डावी. समोरच्यांनी चित्र उलटे काढले असे मुलांना आधी वाटते; मग सगळ्यांचीच चित्रे तशी कशी, असा प्रश्न पडतो; आणि मग कोणीतरी पृथ्वीच्या गोलावर दोन बाहुल्या उभ्या करून पाहतो. हा क्षण शिक्षकाने उत्तर सांगून वाया घालवू नये. येथे एक तांत्रिक खबरदारी घ्यावी लागते: अनेक सॉफ्टवेअर आपल्याला आपले स्वतःचे चित्र आरशातल्यासारखे उलटे दाखवतात, समोरच्यांना मात्र ते सरळच दिसते. चंद्राच्या बाबतीत यामुळे भलताच गोंधळ उडतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आरशाचा पर्याय आधी बंद करावा.

सातवीच्या पुढच्या मुलांसाठी पृथ्वीचा परीघ मोजण्याचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधील दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या सूर्याच्या स्थितीवरून हेच केले होते. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी सपाट जमिनीवर एक मीटरची काठी लंब उभी करावी. स्थानिक मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होतेच असे नाही, म्हणून मध्यान्हाच्या सुमारास दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने आखत जावे आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी. एका ठिकाणी ती २१ सेंटिमीटर आली तर सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून सुमारे १२ अंश कललेला आहे. दुसऱ्या ठिकाणी १११ सेंटिमीटर आली तर सुमारे ४८ अंश. दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडल्या असतील तर कोनांची वजाबाकी करायची, विरुद्ध दिशांना पडल्या असतील तर बेरीज. येथे फरक ३६ अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा दहावा भाग. दोन गावांच्या अक्षवृत्तांमधील उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून सुमारे ४,००० किलोमीटर भरले, तर परीघ ४०,००० किलोमीटर येतो. दोन शाळांमधले तिरके अंतर येथे चालत नाही, सरळ उत्तर-दक्षिण अंतरच घ्यावे लागते; मुले नेमकी येथेच चुकतात. प्रत्येक वर्गाकडे एकच कोन असतो, आणि एका कोनावरून परीघ काढता येत नाही. त्यामुळे भेटीच्या वेळी समोरच्याचा आकडा ऐकण्याची उत्सुकता खरी असते. एका शाळेवर ढग आल्यास प्रयोग हुकू नये, म्हणून लागोपाठ तीन-चार दिवस मोजणी ठरवून ठेवावी.

यंत्रे, जोडणी आणि आवाज

एक लॅपटॉप, मोठा पडदा किंवा प्रोजेक्टर, एक बरा माइक आणि स्पीकर, एवढे पुरेसे आहे. खर्च करायचाच असेल तर तो माइकवर करावा. चित्र अडखळले तरी संवाद चालू राहतो, आवाज तुटला की तो तेथेच संपतो. वर्गात एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर चालू असावा. दुसरा फोन किंवा लॅपटॉप त्याच बैठकीत जोडला की आवाज घुमू लागतो आणि काही क्षणांत कर्कश शिट्टी ऐकू येते. पंखा माइकजवळ नसावा, आणि मुलांची पाठ खिडकीकडे नसावी, नाहीतर चेहरे काळे दिसतात.

झूमच्या तांत्रिक माहितीनुसार दोन ठिकाणांमधील ७२०पी एचडी प्रतीच्या चित्रासाठी येण्या-जाण्याच्या दोन्ही दिशांना सुमारे १.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग लागतो. शाळेच्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग बहुधा आत येण्याच्या वेगापेक्षा कमी असतो, म्हणून तोच तपासावा, आणि भेटीच्याच वेळी तपासावा, कारण इतर वर्ग आणि कार्यालय त्याच जोडणीवर असतात. वाय-फायऐवजी केबल मिळाली तर उत्तम. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी थांबते. शाळकरी मुलांसाठी एवढा वेळ पुरतो.

खंडांमधील बोलण्यात आवाज थोडा उशिरा पोहोचतो, हे मुलांना आधी समजावून सांगावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १५,००० किलोमीटरच्या समुद्राखालच्या केबलमधून एका बाजूचे बोलणे पोहोचायलाच ७५ मिलिसेकंद लागतात, आणि यंत्रांचा वेळ त्यात मिळवावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर संभाषणाला फारसा अडथळा येत नाही. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहातून जोडणी असेल, तर प्रश्न पोहोचून उत्तर परत यायला केवळ प्रवासातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. अशा वेळी मुलांना समोरचा गप्प बसला असे वाटते, ती पुन्हा बोलू लागतात आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. बोलणे संपले की हात खाली करण्याची किंवा ‘आता तुम्ही’ असे म्हणण्याची सवय लावल्यास हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो.

तालीम आणि प्रत्यक्ष भेट

आदल्या आठवड्यात शेजारच्या वर्गाशी तालीम करावी: एक वर्ग या खोलीत, दुसरा त्या खोलीत. कॅमेऱ्याकडे पाहणे, थांबून बोलणे आणि माइकजवळ येऊन प्रश्न विचारणे हे मुलांना तालमीतूनच येते. प्रत्येकाला जबाबदारी द्यावी: स्वागत करणारे, प्रश्न विचारणारे, उत्तर देणारे, नोंद करणारे, आकडेमोड करणारे, वेळ सांगणारा एक आणि माइक सांभाळणारा एक. दोन्ही वर्गांची मातृभाषा सामाईक भाषेपेक्षा वेगळी असेल, तर वाक्ये छोटी ठेवावीत, आकडे आणि नावे मोठ्या कागदावर लिहून दाखवावीत, आणि प्रश्न दोन दिवस आधी एकमेकांना पाठवावेत. त्यामुळे उत्स्फूर्तपणा जातो अशी शंका घेतली जाते; प्रत्यक्षात तयारीने आलेले मूलच दुसरा, न ठरवलेला प्रश्न विचारण्याचे धाडस करते.

समोरच्या शाळेकडे आपल्यापेक्षा कमी किंवा जास्त साधने असतील, तर त्यावरही मुलांशी आधी बोलावे. कोणाची कीव करण्यासाठी किंवा कोणाचा हेवा करण्यासाठी ही भेट नाही. वस्तू पाठवण्याचे आश्वासन तर शिक्षकानेही कॅमेऱ्यासमोर देऊ नये. त्या क्षणापासून दोन वर्ग बरोबरीचे राहत नाहीत.

भेटीच्या दिवशी दोन्ही शिक्षकांनी वीस मिनिटे आधी जोडून घ्यावे; मोफत खाते असेल तर मुलांसाठी बैठक नव्याने सुरू करावी, म्हणजे ४० मिनिटांची मर्यादा आड येत नाही. पहिली पाच मिनिटे स्वागतासाठी, पुढची वीस कामासाठी आणि शेवटची दहा मोकळ्या प्रश्नांसाठी, अशी विभागणी लहान वर्गांना मानवते. पाहुण्यांची भाषणे ठेवू नयेत. मुख्याध्यापकांनी एका वाक्यात नमस्कार करावा आणि मुलांना वेळ द्यावा.

संपर्क तुटला तर काय करायचे हेही आधी ठरलेले असावे: आधी चित्र बंद करून केवळ आवाज चालू ठेवणे, पाच मिनिटांत जुळले नाही तर शिक्षकांनी फोनवर निरोप देणे, आणि तेवढ्या वेळात मुलांनी करायचे एक छोटे काम तयार ठेवणे. वर्ग रिकामा बसला की भेटीचा रस निघून जातो.

भेटीनंतर

त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, मुलांनी तीन गोष्टी लिहाव्यात: काय नवीन कळले, आधी काय चुकीचे वाटत होते, आणि कोणता प्रश्न विचारायचा राहिला. राहिलेले प्रश्न समोरच्या शिक्षकाकडे पाठवावेत, कारण पुढच्या भेटीचा विषय बहुधा त्यांतूनच मिळतो. सावलीच्या प्रयोगात दोन्ही वर्गांनी काढलेला परीघ आणि खरा आकडा यांतील फरक कोठून आला, हे शोधण्यातच एक पूर्ण तास चांगला जातो. चित्रण केले असेल तर ते किती दिवस ठेवायचे आणि केव्हा पुसायचे हे संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे पाळावे.

शिक्षकांनीही आपसांत दहा मिनिटे बोलून काय जमले नाही ते सांगावे आणि फोन ठेवण्यापूर्वी पुढची तारीख दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहून घ्यावी. एकाच वर्गाशी वर्षातून तीन भेटी झालेल्या मला तीन खंडांतील तीन वेगळ्या भेटींपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात: दुसऱ्या भेटीपर्यंत मुलांना एकमेकांची नावे आठवू लागतात, आणि तिसऱ्या भेटीत ती शिक्षकाने न दिलेले प्रश्न विचारतात.